अजिंठ्याची भिंत कापडावर

मंडळी, धसईकडून जंगलाच्या बाजूला गेलात, की पाड्यांवर अजूनही कुठे कुठे कुडाची भिंत दिसते. कारवीच्या काटक्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा, वर सारवण घालायचे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की अशाच भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पुढे भिंत पडली की चित्रही गेले. भिंत काही खांद्यावर टाकून नेता येत नाही.

हीच अडचण एके काळी अजिंठ्याला उभी राहिली. आपल्याला वाटते, तिथली चित्रे खडकावर काढली आहेत. तसे नाही. खडक टाकीने खडबडीत ठेवला आहे, त्यावर मातीचा गिलावा आहे, आणि त्या मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू मिसळले आहेत. वर पांढरा पातळ हात, आणि मग रंग. म्हणजे तुमच्या कुडाची आणि त्या राजेशाही लेण्याची भिंत तशी एकाच कुळातली! फरक एवढाच, की त्या भिंतीच्या मागे डोंगर आहे म्हणून ती दीड-दोन हजार वर्षे टिकली. पण पाणी झिरपते, वटवाघळे असतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला, आणि लेण्यांची वार्ता जगात गेली. बघ्यांची वर्दळ सुरू झाली. पोपडे खिशात घालून नेणारेही त्यांत निघाले.

मग ठरले, की मूळ चित्रे नेता येत नाहीत तर त्यांच्या नकला कापडावर उतरवायच्या. 1844 मध्ये कंपनी सरकारने मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिल याला या कामावर नेमले. हा गृहस्थ पुढे आयुष्यभर त्याच मुलखात राहिला आणि 1879 मध्ये भुसावळला वारला. त्याची नि पारूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती आज सांगत नाही. आज बोलायचे आहे ते त्या कापडाविषयी.

भिंतीएवढे चित्र काढायचे म्हणजे भिंतीएवढे कापड ताणायला हवे. आधी लाकडाची चौकट. तिचे चारही कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे दोरीने पाहतात: या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. चौकट मोठी असली की मध्ये आडवी पट्टी घालावी लागते, नाहीतर कापडाच्या ओढीने लाकूडच आत वाकते. लाकडाची आतली कड तासून उतरती करतात. कापड तिला टेकले, तर काही दिवसांनी चित्रावर सरळ रेघ उमटते. मग चुका ठोकायच्या, त्या कोपऱ्यापासून नव्हे. एका बाजूच्या मध्यावर एक, समोरच्या बाजूच्या मध्यावर दुसरी, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर; आणि तिथून पक्कडीने कापड ओढत आळीपाळीने कोपऱ्यांकडे सरकायचे. गुरुजींनी हे मुलांना जरूर करून दाखवावे. पाटीची जुनी चौकट आणि एक रुमाल पुरे. कोपऱ्यापासून सुरुवात केली की तिरप्या सुरकुत्या कशा पडतात, ते मुलांना आपोआप दिसेल.

शेवटी कोपऱ्यांच्या सांध्यांत आतून लहान लाकडी पाचरी बसवतात. हवा बदलली आणि कापड सैल पडले, की पाचर हलकेच ठोकायची. ढोलकीच्या दोरीतल्या कड्या सरकवून पान चढवतात ना, त्यातलाच हा प्रकार. कापडावर आधी सरसाचा पातळ हात देतात. तो दिला नाही तर रंगातले तेल धाग्यात मुरते आणि कापड कुजते.

गिलने अशी मोठाली चित्रे पुरी करून विलायतेला पाठवली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लोकांना पाहायला मांडली होती. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली. वीस वर्षांच्या मेहनतीतली चार-दोन चित्रे तेवढी उरली.

हे काम पुन्हा हाती घेतले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने. जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक. 1872 पासून ते आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हा त्या तुकडीतला मोठा चित्रकार. मुंबईची ही तरुण पोरे अंधाऱ्या लेण्यात उभी राहून भिंतीवरचा एकेक हात, एकेक फूल कापडावर उतरवीत होती. तेरा वर्षांत सुमारे 300 चित्रे झाली.

वाळलेले मोठे चित्र न्यायचे, तर चौकटीवरून काढून जाड नळीवर गुंडाळतात. गुंडाळताना रंग बाहेरच्या अंगाला ठेवायचा. ऐकून नवल वाटेल; पण रंग आत राहिला तर तो चुरगळला जातो, बाहेर असला तर नुसता ताणला जातो. त्या काळी खानदेशातून मुंबईला येणारी आगगाडी 1865 मध्ये सुरू झालेला कसाऱ्याचा घाट उतरून, म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यातूनच, पुढे जात असे.

ही चित्रेही लंडनला गेली, आणि 1885 साली तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात त्यांतली पुष्कळ पुन्हा आगीतच जळाली. जपणूक व्हावी म्हणून सातासमुद्रापार नेलेले कापड दोनदा जळाले, आणि झिरपणारी मातीची भिंत मात्र जागेवर राहिली!

पण भिंतीलाही नकलेचा त्रास झालाच. अंधारात रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवरच व्हार्निश फासले. तेव्हा चित्रे लखलखली असतील, पण पुढे व्हार्निश पिवळे पडले. निजामाच्या सरकारने 1920 ते 1922 च्या सुमारास इटलीहून दोन जाणकार आणले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे चांगलेच झाले. पण वर लाखेचा हात दिला, आणि तोही काळवंडला. ते थर काढण्याचे नाजूक काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन भागांत मोठा ग्रंथ छापला, त्यामुळे जळालेल्यांपैकी काही चित्रे निदान छापील रूपात राहिली. आगीतून वाचलेली दीडशेहून अधिक कापडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ती रंगवली तेव्हा भिंतीवर असलेले काही भाग नंतर गळून पडले. आता अभ्यासक मंडळी त्या कापडाचे छायाचित्र हातात धरून लेण्यातल्या भिंतीसमोर उभी राहतात, आणि कोऱ्या मातीच्या डागावर बोट ठेवून सांगतात, की इथे एक चेहरा होता.