दुसऱ्या भाषेचा निवाडा

सातारा ही छत्रपतींची राजधानी होती त्या काळात मराठ्यांच्या दफ्तरांतून ‘फरासीस’ हा शब्द वारंवार भेटतो. परंतु त्या वेळच्या मुत्सद्द्यांना फरासीस हवा होता तो त्याच्या तोफांसाठी आणि कवाइतीसाठी, आणि १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील पुणे दरबारी रुजू झाला काय किंवा पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्याच्या हाती आपले कंपू सोपविले काय, या साऱ्या व्यवहारामागे लष्करी गरज होती, विद्येची ओढ नव्हती. फ्रेंच भाषा आमच्या मुलांच्या दप्तरात शिरली ती नंतर, इंग्रजी अमलात, मॅट्रिकच्या परीक्षेच्या वाटेने. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्रवेशपरीक्षेला इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा घ्यावी लागे आणि शाळेच्या बोलीत तिला ‘दुसरी भाषा’ म्हणत. संस्कृत, फारसी, लॅटिन अशा प्राचीन व प्रतिष्ठित भाषांच्या पंक्तीत विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचलाही पाट मिळालेला होता. मात्र त्या पंक्तीत कोणी कोठे बसावे, याचा निवाडा स्वतः विद्यार्थी क्वचितच करीत असे.

सातारा जिल्ह्याशी निगडित असलेल्या दोन महापुरुषांच्या शालेय जीवनाकडे पाहिले की ही गोष्ट लख्ख दिसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्यांची मनापासूनची इच्छा होती. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला आणि फारसीवर समाधान मानणे त्यांना भाग पडले. ज्या विद्येचे दार शाळेने लावून घेतले ते या विद्यार्थ्याने पुढे स्वतःच्या बळावर उघडले, आणि तेवढ्यावरच तो थांबला नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या प्रचंड व्यापातही त्यांनी फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषांचे प्राथमिक पाठ घेतले. १९२१ मध्ये लंडनहून प्रशियाच्या शिक्षणखात्याकडे पाठविलेला अर्ज त्यांनी स्वहस्ते जर्मन भाषेत लिहिला, आणि त्याच वर्षी बॉन विद्यापीठाच्या पटावर त्यांचे नाव चढले. आमच्या शालेय व्यवस्थेने एका अलौकिक बुद्धीवर केलेला अन्याय किती मोठा होता, हे ज्याला मोजावयाचे असेल त्याने तो जर्मन अर्ज डोळ्यांपुढे आणावा.

दुसरे उदाहरण विनोबांचे. बडोद्यास नोकरीस असलेल्या त्यांच्या वडिलांच्या, नरहरपंतांच्या, मनात मुलाने आधुनिक विद्या संपादन करावी असे होते. म्हणून शाळेत विनायकाची, म्हणजे विनोबांची, दुसरी भाषा फ्रेंच ठरली. आईला हे रुचले नाही, मुलाने संस्कृतच शिकावे असे तिला वाटे. मुलाने आज्ञेप्रमाणे फ्रेंच शिकून घेतली, परंतु आईची इच्छाही वाया गेली नाही. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन १९१७ मध्ये ते वाईस आले आणि कृष्णाकाठच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी उपनिषदे आणि शांकरभाष्य यांच्या अध्ययनास बसले. त्या मुक्कामात त्यांनी विद्यार्थिमंडळ स्थापिले, आणि त्याच्या वाचनालयासाठी पैसा उभा करावयाचा म्हणून ही मंडळी लोकांचे धान्य जात्यावर दळून देत. हायस्कुलात फ्रेंच शिकलेला तरुण वाईत वेदान्त शिकतो आहे, त्याच वेळी लक्ष्मणशास्त्री जोशी या बालविद्यार्थ्याला इंग्रजी शिकवितो आहे आणि ग्रंथांसाठी जाते ओढतो आहे, हे दृश्य महाराष्ट्राच्या विद्येतिहासात मला तरी अत्यंत मोलाचे वाटते. पुढे याच लक्ष्मणशास्त्र्यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोश आकारास आला, आणि त्यात फ्रेंच व जर्मन भाषा-साहित्यांवर स्वतंत्र नोंदी लिहिल्या गेल्या.

जर्मनची वाट निराळी होती. ती आमच्याकडे प्रथम संस्कृतच्याच ओढीने आली. कारण बोटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघालेला महान संस्कृत कोश जर्मन भाषेत आहे, आणि गाढा संशोधक व्हावयाचे तर त्याला पर्याय नव्हता. सांगलीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये आणि आज वालचंद म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. आज सांगलीचा तरुण जर्मनकडे वळतो तो बहुधा या दुसऱ्या वाटेने, यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी. मराठी मुलाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. तो-ती-ते या तीन लिंगांची सवय असल्याने जर्मनमधील डेर-डी-डास पाहून तो इंग्रजाप्रमाणे बावरत नाही. फक्त तेथे सूर्य स्त्रीलिंगी आहे, हे त्याला पाठ करावे लागते. उपवाक्यात क्रियापद शेवटी नेऊन ठेवण्याची जर्मन रीत तर त्याच्या अंगवळणी पडलेलीच असते.

तथापि जुना तंटा मिटलेला नाही. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून शिकविली जाणारी जर्मन २०१४ मध्ये ऐन सत्राच्या मध्यावर काढून तेथे संस्कृत आणली गेली. विनोबांच्या घरातील मतभेद शंभर वर्षांनी दिल्लीच्या कारभारात उभा राहिला, आणि याही वेळी मुलांना कोणी विचारले नाही. त्यानंतर २०२० च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर फ्रेंच व जर्मनला मुभा दिली, आणि २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार करून महाराष्ट्र सरकारने कुशल तरुणांना तिकडे पाठविण्यासाठी जर्मनचे वर्ग योजिले. उदरनिर्वाहासाठी भाषा शिकण्यात मला काहीही उणे वाटत नाही. पण केवळ गुण पदरात पाडण्यासाठी घेतलेली भाषा निकालाच्या दिवशीच विसरली जाते.

म्हणून सातारा-सांगलीच्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी फ्रेंच वा जर्मनचा शिक्षक तासिकेच्या मोलावर न ठेवता कायम पगारावर नेमावा, वेळापत्रकात संस्कृत आणि परकी भाषा एकाच तासाला समोरासमोर उभ्या करू नयेत, आणि दुसरी भाषा कोणती घ्यावयाची हे प्रथम त्या मुलाला किंवा मुलीला विचारावे.