पापणीवरचा नकाशा

दोन वर्षांपूर्वी आजीच्या खालच्या पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली. बाबांनी फोटो पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. ‘रांजणवाडी असेल, शेक द्या,’ असं टाइप केलं आणि विसरून गेलो. रांजणवाडी काही दिवसांत बसते. ही आठ महिने राहिली, तिथले केसही गळाले. बायोप्सीत निघाला बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

आजीने डॉक्टरांना एकच विचारलं, “डोळा मिटेल ना मला?”

प्रश्न साधा वाटतो. पण पापणीच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

१८२७ मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब या डॉक्टरने पापण्यांवर आणि चेहऱ्यावर होणाऱ्या एका विचित्र व्रणाचं वर्णन छापलं. तो शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही, पण आहे तिथलं हळूहळू कुरतडत जातो. मुख्य उपाय म्हणजे कापून काढणं. पण किती कापायचं? त्याची मुळं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भोवतालची थोडी निरोगी त्वचाही काढतात. आता गणित करा. गाठ ६ मिमी, दोन्ही बाजूंना ४ मिमी, एकूण १४. अख्ख्या पापणीची लांबी साधारण ३० मिमी. म्हणजे जवळपास निम्मी पापणी गेली. पाठीवर १४ मिमी म्हणजे एक वण. पापणी नीट मिटली नाही, तर बुबुळ कोरडं पडतं आणि नजरच धोक्यात येते.

यावरचं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडलं. फ्रेडरिक मोह्स विद्यार्थी असताना कॅन्सरवर प्रयोग करत होता. झिंक क्लोराइडमुळे पेशी मरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना तशीच दिसते, हे त्याच्या लक्षात आलं. १९३६ पासून तो रुग्णांवर उपचार करू लागला. गाठीवर झिंक क्लोराइडचा लेप लावायचा, दुसऱ्या दिवशी पातळ थर कापायचा, त्याचा नकाशा काढायचा, कडा रंगवायच्या आणि खालची बाजू व कडा पूर्ण तपासायच्या. कॅन्सर उरला असेल, तर नकाशावर त्या जागी खूण करून फक्त तिथेच पुन्हा लेप. नेहमीच्या तपासणीत पावाच्या स्लाइससारखे मोजके काप बघतात, मधलं निसटू शकतं. टेस्टिंग करणाऱ्यांना हा फरक सांगायला नको.

पण लेप भयंकर दुखायचा आणि उपचार कित्येक दिवस चालायचे. डोळ्याजवळ तर तो आणखीच त्रासाचा.

१९५३ मध्ये मोह्सच्या पद्धतीवर फिल्म बनत होती आणि रुग्णाला पापणीचाच कॅन्सर होता. पहिल्या थरानंतर कॅन्सर उरलेला दिसला. पुन्हा लेप लावला असता, तर शूटिंग लांबलं असतं. म्हणून वेळ वाचवायला त्याने जागा बधिर करून पुढचे थर लेपाशिवाय कापले आणि गोठवून तपासले. काम फत्ते! पुढे पापण्यांसाठी तो हीच रीत वापरू लागला.

मला इथे थांबावंसं वाटतं. सतरा वर्षं ज्या लेपाभोवती सगळं उभं होतं, तो गरजेचा नव्हताच. खरा शोध होता नकाशा. तरी इतर जागांसाठी लेप बरीच वर्षं चालू राहिला. १९७४ मध्ये ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी बिनलेपाच्या उपचारांचे निष्कर्ष छापले आणि मग ही रीत सगळीकडे रुजली. चालू कोडमधली जुनी ओळ काढायला हात कसा धजत नाही, हे मला रोज दिसतं.

आजीवर झाली ती शब्दशः मोह्सची शस्त्रक्रिया नव्हती. पण तत्त्व तेच होतं. काढलेल्या तुकड्याच्या कडा ऑपरेशन चालू असतानाच तपासायला गेल्या. आम्ही तीन तास बाहेर बाकावर बसलो होतो. एका कडेला कॅन्सर उरला होता, फक्त तिथून आणखी थोडं काढलं. मग शेजारची त्वचा सरकवून पापणी शिवली.

आठ महिने आधी गेलो असतो, तर कदाचित आणखी कमी कापावं लागलं असतं. हे मी आजीला सांगितलं.

“आता तरी फोटो नीट बघत जा,” ती म्हणाली.

त्या रात्री ती झोपल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. डोळा पूर्ण मिटला होता.