पत्र कुणाचं? 'समाजस्वास्थ्य'चा खटला आणि आपण

1934 साली मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय, तर 'समाजस्वास्थ्य' मासिकात त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. प्रश्न हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरचे. बचावाला उभे होते डॉ. आंबेडकर! विषय लैंगिक म्हणून मजकूर अश्लील ठरत नाही आणि वाचकाने विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. तरीही कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

आपण हे सगळं लेखनस्वातंत्र्याची लढाई म्हणून वाचतो, आणि ती होतीच. पण तुम्ही जरा प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने बघा. घरात ज्याचा उच्चारही करता येत नाही, ते त्याने एका संपादकाला विश्वासाने कळवलं. त्याचं नाव चारचौघांत गेलं असतं, तर दंड भरून त्याची सुटका झाली नसती.

उद्या एखाद्या जुन्या संपादकाच्या दप्तरात तुम्हाला असं मूळ पत्र सापडलं, खाली सही आणि गावाचं नाव, तर छापाल?

कायद्याचं उत्तर जुनं आहे. 1741 साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी त्यांची पत्रं परस्पर छापणाऱ्या पुस्तकविक्रेत्या कर्लला कोर्टात खेचलं. निकालाचं सार असं: कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्याकडे 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही हा हक्क टिकतो. म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या घरच्यांनी 'खुशाल छापा' म्हटलं, तरी ती परवानगी पुरत नाही. (हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रबंध छापायला घेतल्यावर कळतं.)

पण समजा, हक्काची मुदत उलटली. मजकूर मोकळा झाला. लाज मोकळी झाली का? त्या गावात त्या आडनावाची नातवंडं असतीलच की. शिवाय संपादकाने छापण्यासाठी दिलेला प्रश्न आणि त्याच्याशी खाजगीत बोललेली गोष्ट, दोन्ही एकाच कागदावर असू शकतात.

मी असं पत्र वापरताना नाव आणि गाव गाळते, वय आणि व्यवसाय ठेवते, आणि काय गाळलं ते तळटीपेत लिहिते. गाव गेल्याने पुरावा लंगडा होतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही गाळते.