खड्ड्यात गेलेलं गाव

आईच्या बोटात गेली अकरा वर्षं ओपलची अंगठी आहे. शुक्रासाठी हिरा परवडत नाही म्हणून ओपल, हा आपल्याकडचा जुना हिशेब. गेल्या जुलैत आई-बाबा माझ्याकडे ॲडलेडला आले तेव्हा तिनं विचारलं, "हा दगड जिथून येतो ते गाव इथून जवळच आहे ना रे?"

जवळच, म्हणजे ८४६ किलोमीटर. मला सुट्टी नव्हती. बाबांनी गाडी भाड्यानं घेतली, आईनं धपाटे बांधून घेतले आणि साठी उलटलेली ही दोघं स्टुअर्ट हायवेला लागली. ग्लेनडॅम्बो सोडल्यावर सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोलपंप नाही, हे मी चार वेळा बजावलं होतं. बाबांनी त्याआधीच तीनदा टाकी भरली होती.

कूबर पीडी यायच्या बऱ्याच आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरट मातीचे ढीग दिसू लागतात. आईला ती वारुळं वाटली. प्रत्येक ढिगाशेजारी एक उघडी विहीर असते. जुन्या खाणी कोणी बुजवलेल्या नाहीत. फोटो काढताना मागे सरकू नका, अशा पाट्या आहेत.

हे सगळं सुरू झालं १ फेब्रुवारी १९१५ला. सोनं शोधायला एक तुकडी उंटांवरून इथं आली होती. (हे उंटही मूळचे तिकडचे नव्हेत. १९व्या शतकात कराचीहून बलुची, पंजाबी, पठाण उंटवाल्यांसकट ते जहाजानं नेले गेले आणि तिथं त्या सगळ्या माणसांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं.) सोन्याचा पत्ता नव्हता, पाणी संपत आलं होतं. मोठी माणसं पाणी शोधायला गेली आणि चौदा वर्षांच्या विली हचिसनला तळावर थांबायला सांगून गेली. तो अर्थातच थांबला नाही. परतला तो ओपलचे तुकडे घेऊन, आणि पाण्याची खबरही घेऊन.

१९१७मध्ये देशाच्या आरपार जाणारा रेल्वेमार्ग पुरा झाला तसे तिथले मजूर इकडे आले. पाठोपाठ पहिल्या महायुद्धातून सुटलेले सैनिक. खंदकात वर्षं काढलेल्या माणसांना जमिनीत घर करायला कोणी शिकवावं लागलं नाही. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा जातो, खडकात कोरलेल्या खोलीत बाराही महिने तेवीस-पंचवीस. घर बांधायला लाकूड नाही, पण इथला वालुकाश्म टेकूशिवाय उभा राहतो. आजही निम्म्याहून जास्त गाव जमिनीखाली राहतं, असं सांगतात. गावठाणात खाणकामाला बंदी आहे, घर वाढवायला नाही. त्यामुळे काही घरांना खोल्या जरा जास्तच आहेत!

प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये या गावाला 'विचित्र' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट हे कसल्यातरी अडचणीचं साधं उत्तर आहे. गोल्फच्या मैदानावर गवत नाही, कारण पाणी नाही. तिथल्या ड्राइव्ह-इन थिएटरात 'स्फोटकं आणू नयेत' अशी सूचना असते, कारण खाणीतून थेट पिक्चरला आलेल्या माणसाच्या गाडीत जिलेटिनच्या कांड्या असायच्याच.

बाबांना मात्र भलतीच गोष्ट खटकली. रात्री जमिनीखालच्या खोलीतल्या वायफायवरून त्यांनी फोन केला. "अरे, इथे कंपनीच नाही. पगार कोण देतं?"

कोणीच नाही. इथला क्लेम ५० बाय ५० किंवा ५० बाय १०० मीटरचा. तेवढ्या तुकड्यात मोठ्या कंपनीला रस नसतो. म्हणून सोन्याच्या किंवा लोखंडाच्या खाणींचं जे झालं ते ओपलचं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक, इटालियन, सर्ब, क्रोएट इथं आले ते याच कारणानं. इंग्रजी नको, सर्टिफिकेट नको, वर साहेब नको. सर्बियन लोकांनी तर १९९३मध्ये खडकात अख्खं चर्च कोरलं. पण वर्षभर खोदून काहीच न लागणं हेही त्यात आलं. ३४ वर्षं एक तारखेला पगार घेतलेले बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि घरी काय सांगत असतील?"

मला जास्त खटकतं ते दुसरंच. विलीची गोष्ट तिथं जिकडेतिकडे ऐकायला मिळते. टॉटी ब्रायंटची एका ओळीत संपते. मंदीत ओपलचे भाव पडले, गाव जवळपास ओस पडलं. १९४६मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी बाईला एट माइल भागात ओपल सापडलं आणि पुन्हा झुंबड उडाली. आज आपण बघतो ते गाव तिच्यामुळे उरलं, असं म्हणायला हरकत नाही. पण ती ज्या जमिनीवर उभी होती ती कायद्याच्या लेखी तिच्या लोकांची नव्हतीच. अंतकिरिंजा मातु-यांकुनिचाचारा लोकांचा या भागावरचा पारंपरिक हक्क न्यायालयानं मान्य केला तो २०११मध्ये.

गावाचं नाव तेवढं आदिवासींकडून १९२०मध्ये घेतलं. मूळ शब्द 'कूपा पिटी'. त्याचा नेहमी दिला जाणारा अर्थ 'गोऱ्या माणसाचं बीळ'. नाव ठेवणाऱ्यांना त्यातली चेष्टा कळली होती का कोण जाणे.

गावात एका ढिगावर कोणीही फुकट ओपल शोधू शकतं. त्याला नूडलिंग म्हणतात. आई तिथं दोन तास तांदूळ निवडावेत तशी बसली. बाबा छत्री धरून उभे. एक राखाडी खडा मिळाला. दुकानदारानं बघून सांगितलं, पॉच. ओपलच, पण रंग नसलेलं. दोन्हींत तेच सिलिका, तेच थोडं पाणी. सिलिकाचे सूक्ष्म गोळे एकसारखे, ओळीत रचले गेले तर प्रकाश फुटून रंग दिसतात, अस्ताव्यस्त पडले तर पॉच.

ओपल हा शब्द बहुधा संस्कृतातल्या 'उपल'वरून ग्रीक-लॅटिनमार्गे गेला, असं मानतात. उपल म्हणजे नुसता दगड. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझाच खरा." तो खडा सध्या नाशिकला तुळशीच्या कुंडीत आहे.