एक आणा, सहा उद्योग आणि आपला पीएफ

कुणी नोकरी बदलली की मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "जुना पीएफ काढून टाकू, की ट्रान्सफर करू?" आजच्या भागात याचं उत्तर मी इतिहासात शोधणार आहे, कारण हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे.

15 नोव्हेंबर 1951 रोजी केंद्र सरकारनं भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम काढला आणि 1952 मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला त्यात फक्त सहा उद्योग होते: सिमेंट, सिगारेट, इंजिनीअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड म्हटलं की आपलं गिरणगाव आलंच! वर्गणी होती सव्वासहा टक्के. आकडा विचित्र वाटतो ना? जुन्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा. एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा.

मग थेट पेन्शनच का नाही दिली? कायद्याचा हेतू सांगताना सरकारनं मान्य केलं होतं की पेन्शन हाच आदर्श मार्ग, पण देशाच्या तेव्हाच्या परिस्थितीत ती नजीकच्या काळात जमणारी नाही. म्हणून ही साठवणीची वाट. पुढे 1971 मध्ये कुटुंब पेन्शन आली आणि 1995 मध्ये आजची कर्मचारी पेन्शन योजना.

आता नोकरी बदलण्याचं बघू. पूर्वी प्रत्येक कंपनीत पीएफचा नवा नंबर मिळायचा. जुने पैसे नव्या खात्यात आणायचे तर फॉर्म 13 भरा, सह्या मिळवा आणि वाट बघा. त्यापेक्षा पैसे काढून मोकळं होणं कितीतरी जणांना सोपं वाटायचं. मला वाटतं, 'नोकरी सुटली की पीएफ काढायचा' ही सवय लोकांच्या उधळेपणातून कमी आणि या कागदी कटकटीतून जास्त आली. 2014 मध्ये बारा आकडी यूएएन आला. नोकऱ्या कितीही बदला, नंबर एकच. निधी कारखान्याचा नाही, माणसाचा आहे, हे तेव्हा कुठे व्यवहारात उतरलं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारनं नियम काढला: नोकरी सुटली तरी मालकाच्या वाट्याचे पैसे 58 वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळणार नाहीत. एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले हजारो कामगार रस्त्यावर उतरले. त्यात बहुतेक बायका होत्या. आंदोलन पेटलं, हिंसाचारही झाला आणि 19 एप्रिलला सरकारनं नियम मागे घेतला. तुटपुंज्या पगारात मुलांची फी, घरातलं आजारपण, लग्नकार्य यासाठी एकरकमी हाताशी येणारा पैसा म्हणजे तोच. त्यांना 'म्हातारपणाचं बघा' असं सांगणं सोपं आहे. मधली वर्षं कशी काढायची, हे कोण सांगणार?

म्हणून मी कुणालाही सरसकट 'काढूच नका' म्हणत नाही. आधी स्वतःला विचारा: घरात खरी अडचण आहे, की फोन बदलायचाय? अडचण नसेल तर ट्रान्सफर करा. कारण पैशांबरोबर वर्षंही पुढे जातात. सलग पाच वर्षांची सेवा व्हायच्या आत पीएफ काढला तर सहसा कर लागतो. ट्रान्सफर केलं तर आधीच्या नोकरीची वर्षं त्यात धरली जातात. दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि हो, ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनची जुनी रक्कम दिसली नाही तर घाबरू नका. तिथे महत्त्वाची असतात ती सेवेची वर्षं.

नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू देऊ नका. जुनी कंपनी सोडल्याची तारीख पोर्टलवर नोंदली आहे का, तेही बघा. पैसे काढण्याच्या अटी सरकार वरचेवर बदलतं, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या दिवशीचा नियम वाचा. 2016 च्या त्या बायकांना आपल्या पैशाचा नियम बदललाय हे वेळेत कळलं, म्हणून तो परत बदलला.