प्रेक्षणीय मुंबई : एका स्थळयादीचा इतिहास

नगरवर्णन हा भारतीय वाङ्मयातील जुना प्रकार आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणे सांगताना नगर आणि समुद्र या दोहोंची वर्णने आवश्यक मानली आहेत. मात्र त्या वर्णनात पाहुणा नसतो. नगर असते, त्याचे वैभव असते. कोणी तेथे येऊन काय पाहावे, हा प्रश्न कवीपुढे नसतो. मराठीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे घडले त्या जागा नोंदलेल्या आहेत, आणि त्या दिशा, दारे, देवळे यांच्या खुणांसह नोंदलेल्या आहेत. वाचकाने तेथे जाऊन ते स्थान ओळखावे व नमस्कार करावा, हा तिचा हेतू. यात्रेकरूसाठी केलेली स्थळयादी आणि कवीने केलेले नगराचे वर्णन या दोन परंपरा एकोणिसाव्या शतकात मुंबईविषयीच्या मराठी ग्रंथांत एकत्र आल्या. त्याच सुमारास इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांची तिसरी परंपरा समुद्रमार्गे येऊन दाखल झाली. 'मुंबईत काय पाहावे' या प्रश्नाचे आजचे ठरीव उत्तर या तिघींच्या व्यवहारातून घडले आहे. हा व्यवहार समतोल मात्र नव्हता. पाहुणा कोणत्या धक्क्यावर उतरला, यावर त्याची यादी ठरत गेली, आणि एका धक्क्याची यादी कालांतराने साऱ्या शहराची यादी म्हणून रूढ झाली.

गोविंद नारायण माडगांवकर (१८१५–१८६५) यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. माडगांवकरांचा जन्म गोव्यातला. बालपणीच ते मुंबईत आले आणि पुढे स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत अध्यापक झाले. एका शहरावर लिहिलेला इतका विस्तृत ग्रंथ मराठीत त्यापूर्वी नव्हता. आज हा ग्रंथ हाती घेणाऱ्यास प्रथम जाणवते ती त्यातील अनुपस्थिती. गेटवे ऑफ इंडिया नाही, बोरीबंदरचे भव्य स्थानक नाही, राजाबाई टॉवर नाही, वस्तुसंग्रहालय नाही, मरीन ड्राइव्ह तर नाहीच. आजच्या कोणत्याही पर्यटन-पत्रकावर ज्या वास्तूंची छायाचित्रे असतात, त्यांपैकी बहुतेक तेव्हा उभ्याच नव्हत्या. किल्ल्याचे तट नुकते कुठे पाडले जाऊ लागले होते. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती, त्याला दहाच वर्षे लोटली होती. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी उभारलेली पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती.

मग या शहरात पाहण्याजोगे काय होते? माडगांवकरांच्या पानांत देवळे आहेत, तलाव आहेत, बाजार आहेत. त्यांच्याच पंक्तीला शाळा, छापखाने, गिरण्या आणि आगगाडी आहे. वाळकेश्वराची कथा सांगणारी लेखणीच यंत्राच्या करामतीचेही वर्णन करते, आणि तिचा स्वर बदलत नाही. रामाने वाळूचे लिंग केले ही आख्यायिका आणि वाफेवर चालणारे चाक या दोन्ही गोष्टी येथे नवलाच्याच सदरात येतात. अभ्यासकांनी या स्वराला कधी भाबडेपणा म्हटले आहे. ते फारसे न्याय्य नाही. श्रम आणि उत्पादन हे पाहण्यासारखे असते, माणसाने गिरणी पाहायला जावे तसे देऊळही पाहायला जावे, ही एक स्वतंत्र दृष्टी आहे. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांच्या 'मुंबईचा वृत्तांत' (१८८९) या ग्रंथात 'वर्णना'ची जागा 'वृत्तांता'ने घेतली. शीर्षकातील हा बदलही बोलका आहे.

इंग्रजी मार्गदर्शिकेचा वाचक निराळा होता. लंडनच्या मरे प्रकाशनाने एडवर्ड ईस्टविक यांच्याकडून लिहवून घेतलेली भारतविषयक हस्तपुस्तिका १८५९ मध्ये निघाली. तिचा दुसरा भाग मुंबई इलाख्यावर होता. जेम्स मॅक्लीन यांची 'गाइड टु बॉम्बे' १८७५ ची. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर या वाचकांची संख्या वाढली. हा प्रवासी आगबोटीतून अपोलो बंदरावर उतरे. त्याच्याजवळ चार-दोन दिवस असत. पुढे त्याला आग्रा-दिल्लीकडे जायचे असे. त्याच्या सोयीने एलिफंटा, मलबार हिल, पारशांचे दखमे आणि बाजारातील एक फेरफटका एवढी यादी बांधली गेली. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या मार्क ट्वेननेही दखम्यांवर सविस्तर लिहिले आहे. जेथे परधर्मीयाला प्रवेश नाही अशी मृतांची जागा पाहुण्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर यावी, याबद्दल त्या लेखकांना विशेष संकोच वाटलेला दिसत नाही. स्वतः 'अपोलो' हे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचा ग्रीक देवतेशी संबंध नाही. मूळ 'पालव' या स्थानिक शब्दाचे ते परकीय रूप असावे, असे मानले जाते. कानाला जे ऐकू आले त्याचे आपल्या ओळखीच्या शब्दात रूपांतर करणे, ही त्या यादीची रीतच होती.

याच रीतीने घारापुरीचे 'एलिफंटा' झाले. बेटावर पोर्तुगीजांना दगडी हत्ती दिसला, त्यावरून ते नाव पडले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथात या लेण्याचा उल्लेख केला आहे. युरोपीय वाचकाला ते त्या काळापासून ठाऊक झाले. पुढे ज्या हत्तीमुळे नाव मिळाले तोच बेटावर राहिला नाही. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला हलविण्याचा घाट घातला गेला; उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळविण्यात आले. तो हत्ती आता भायखळ्याच्या उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर ही बेटावरील तीन गावे कोणत्याही मार्गदर्शिकेत ठळकपणे येत नाहीत. गेटवेपासून सुमारे १० किलोमीटरवर असलेल्या या गावांत समुद्राखालून टाकलेल्या वाहिनीतून नियमित वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. साडेचार शतके ज्या बेटाचे वर्णन होत आले, त्या बेटावरील माणसे त्या वर्णनाबाहेरच राहिली.

मराठी पाहुण्याची यादी मात्र भायखळ्याभोवती घडली. राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली आणि तिच्या आवारातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १८७२ मध्ये. या संग्रहालयासाठी झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट हे अग्रभागी होते. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. इंग्रजी पाहुण्याच्या दृष्टीने ही दुय्यम स्थळे होती. घाटावरून आणि कोकणातून येणाऱ्या कुटुंबांना मात्र 'मुंबई पाहणे' याचा अर्थच राणीची बाग पाहणे असा होता. स्वातंत्र्योत्तर काळात या यादीत तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) आणि कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट (१९५२) यांची भर पडली, आणि शाळेच्या सहलींनी ती पक्की केली. ही यादी कोणा पंडिताने केलेली नाही. नातेवाइकांच्या खोलीत उतरणाऱ्या, एका दिवसात लहान मुलांसह फिरून परतणाऱ्या माणसांनी ती केली. तिच्यात शिल्पशैलीचा विचार नाही. पण प्राणी, मासे आणि मोकळी हवा यांची चाळकरी माणसाला असलेली ओढ तिच्यात स्पष्ट दिसते. उद्यानाचे अधिकृत नाव बदलून जिजामाता उद्यान झाले, तरी बोलीत राणी टिकली. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा चौकातून काढून याच बागेत ठेवण्यात आला. चौकाचे 'काळा घोडा' हे नाव मात्र घोडा गेल्यावरही राहिले.

गेटवे ऑफ इंडियाचा इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. पंचम जॉर्ज व राणी मेरी यांचे आगमन डिसेंबर १९११ चे. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची कमान पुरी होऊन खुली झाली ती १९२४ मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी दार केले ते त्यातून आलेच नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण मात्र तेथूनच गेली. येथे अधिक महत्त्वाची आहे ती दुसऱ्या धक्क्याची तुलना. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा भाऊचा धक्का हे कोकणच्या बोटींचे मुंबईतील दार होते. गिरणीत, गोदीत, घरकामाला येणारी असंख्य माणसे याच दाराने शहरात आली. १७ जुलै १९४७ रोजी येथून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या मराठी माणसाच्या स्मृतीत हा धक्का गेटवेपेक्षा खोल रुतलेला आहे. प्रेक्षणीय स्थळांत त्याची गणना क्वचितच होते.

यादीचा हा प्रश्न लोककवींनी ओळखला होता. पठ्ठे बापूरावांच्या मुंबईवरील लावणीत शहराची नवलाई रंगवली आहे. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी 'मुंबईची लावणी' लिहिताना तोच आकृतिबंध घेतला आणि उलटा केला. त्यांच्या रचनेत मलबार हिलच्या समोर परळ उभे राहते आणि नवलाची जागा विषमतेची जाणीव घेते. माडगांवकरांना गिरणी नवल म्हणून दिसली होती. अण्णाभाऊंना गिरणीतला माणूस दिसला. या दोन दृष्टींत शंभर वर्षांचेही अंतर नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव जे विस्कटले ते पुन्हा उभे राहिले नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे भव्य व्यापारी संकुल झाले आणि तेच पाहुण्यांच्या यादीत दाखल झाले. दरम्यान बोरीबंदरच्या स्थानकाला २००४ मध्ये, आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला. या वास्तू संरक्षणास पात्र आहेत, यात वाद नाही. पण या मान्यतांमुळे अपोलो बंदरावर उतरणाऱ्या पाहुण्याची यादी अधिक भक्कम झाली, हेही खरे. परळच्या धुराड्यांना तसे संरक्षण मिळाले नाही.

मुरली रंगनाथन यांनी केलेला माडगांवकरांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमराठी अभ्यासकांना तो प्रथमच उपलब्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात 'वर्णन' हा शब्द उरलेला नाही; त्याऐवजी 'शहराचे चरित्र' अशा अर्थाची योजना आहे. आजच्या इंग्रजी वाचकासाठी ती योग्यच म्हणावी लागेल. तथापि चरित्रात शहर हे एक व्यक्ती होते आणि तिची वाढ सांगितली जाते. वर्णनात वाचकाला हाताला धरून एकामागून एक जागी नेले जाते. रतनजी फरामजी वाच्छा यांचे गुजराती 'मुंबईनो बाहार' १८७४ चे, म्हणजे माडगांवकरांनंतर अवघ्या अकरा वर्षांनी लिहिलेले. एकाच शहरातील दोन शेजारी भाषांनी आपापल्या पाहुण्याला कोणत्या रस्त्याने फिरवले, कुठे थांबवले आणि कोणत्या दारावरून पुढे नेले, याची पानागणिक तुलना या दोन ग्रंथांच्या आधारे करता येण्यासारखी आहे.