माईक कुणाचा? वैशालीची संगीती, महाडची परिषद आणि आपले परिसंवाद

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी एक गोष्ट ठासून सांगितली. लोकशाही भारताला बाहेरून मिळालेली नाही. बौद्ध भिक्खू संघाच्या सभांमध्ये आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्यांचे नियम होते. हे भाषण आपण दर 26 नोव्हेंबरला आठवतो. पण त्यातला हा भाग बहुतेक वेळा अभिमानापुरता घेतो, आचरणासाठी नाही.

आमचा मुद्दा साधा आहे. ज्या समाजाच्या वारशात सभा चालवण्याचे इतके बारीक नियम आहेत, त्या समाजाचे परिसंवाद इतके बेशिस्त का? नवीन जालना असो की कुंडलिकेपलीकडचा जुना जालना, जयंतीच्या महिन्यात परिसंवादांची कमी नसते. पण पहिला तास सत्कारात जातो, दुसरा तास शेरोशायरीत जातो, आणि विषयावर बोलायला बसलेल्या वक्त्याला "वेळेअभावी दोन शब्दांत" आटोपायला सांगतात. श्रोत्यांच्या प्रश्नांची वेळ येते तेव्हा मंडपवाला खुर्च्या उचलत असतो.

यावर उत्तर शोधायला परदेशी पुस्तक नको. विनयपिटक उघडले तरी पुरे.

वैशालीत काय झाले?

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत दुसरी संगीती भरली. वज्जी भिक्खूंनी दहा सवलती घेतल्या होत्या. सोने-चांदी स्वीकारणे ही त्यातली सर्वात वादाची. यश काकंडकपुत्त यांनी विरोध केला, तेव्हा संघाने उलट त्यांच्यावरच कारवाई केली. प्रकरण चिघळले, पूर्वेचे आणि पश्चिमेचे भिक्खू असे दोन पक्ष पडले. आजच्या भाषेत सांगायचे तर गट पडले.

रेवत थेरांनी हा वाद कसा हाताळला ते पाहा. पहिली गोष्ट, वाद जिथे उपजला तिथेच तो सोडवायचा असे ठरले. दुसरीकडे बसून निर्णय केला तर मूळचे लोक तो पुन्हा उकरून काढतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून सगळे वैशालीला गेले. दुसरी गोष्ट, तिथे सातशे भिक्खू जमले आणि चर्चा भरकटू लागली. कोण काय म्हणतो याचा अर्थच लागेना. तेव्हा रेवतांनी रीतसर प्रस्ताव मांडून आठ जणांची समिती नेमली: चार पूर्वेचे, चार पश्चिमेचे. या पद्धतीला विनयात उब्बाहिका म्हणतात. तिसरी गोष्ट, आसने मांडण्याचे काम अजित नावाच्या तुलनेने तरुण भिक्खूकडे सोपवले. कोण कुठे बसणार हे कुणा मोठ्याच्या मर्जीवर सोडले नाही. चौथी गोष्ट, रेवतांनी भाषण दिले नाही, प्रश्न विचारले. एकेक मुद्दा घ्यायचा, सब्बकामी थेरांना विचारायचे, उत्तर आले की तो मुद्दा निकाली, मग पुढचा. आणि समितीत झालेली ही प्रश्नोत्तरे पुन्हा संपूर्ण संघासमोर झाली. बंद खोलीतला निर्णय तसाच वर ठेवला नाही.

वक्त्यांची समान निवड, एका वेळी एक मुद्दा, नेमका प्रश्न, सगळ्यांसमोर उत्तर. चांगल्या परिसंवादाला आणखी काय लागते?

पहिल्या संगीतीतही महाकस्सपांनी हेच केले होते. विनयाबद्दल उपालींना विचारले, धम्माबद्दल आनंदांना. उपाली कोण? शाक्यांचा न्हावी. अध्यक्षाने माणसाची जात पाहिली नाही, त्या विषयात त्याचा अधिकार पाहिला.

मतदानासाठी शलाका वाटणाऱ्या भिक्खूचे गुणही विनयात सांगितले आहेत. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चौघांच्या आहारी जाणारा नसावा, आणि कुणाची शलाका घेतली, कुणाची राहिली हे त्याला ठाऊक असावे. आमच्या मते सूत्रसंचालकाची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही. आपल्या नेत्याला जादा वेळ देणे म्हणजे पक्षपात. विरोधी गटाच्या वक्त्याचा माईक मध्येच काढून घेणे म्हणजे द्वेष. स्वतःच्याच आवाजात रमणे म्हणजे मोह. नगरसेवक रागावेल म्हणून त्याला न थांबवणे म्हणजे भय. आणि कोण बोलले, कोण राहिले याची नोंद ठेवणे हे पाचवे.

महाडचा मंडप

काही कार्यकर्ते म्हणतील, "आम्ही चळवळीचे लोक, आम्हाला तटस्थ राहायचेच नाही." बरोबर आहे. पण भूमिका असणे आणि दुसऱ्याला बोलू न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाड हेच शिकवते.

डिसेंबर 1927. चवदार तळ्यावर सत्याग्रह करायला हजारो लोक आलेले. 14 डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरती मनाई दिलेली. 25 तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ब्राह्मणांना बाजूला ठेवा, मग पाठिंबा देतो, ही जेधे-जवळकरांची अट बाबासाहेबांनी आधीच नाकारली होती. व्यासपीठावर कोण बसणार हे जन्मावरून ठरणार नाही, हा त्याचा अर्थ.

मग सत्याग्रहाचा प्रश्न परिषदेपुढे आला. अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. मंडप सत्याग्रहाच्या बाजूने तापलेला, साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवलेली. तरीही सत्याग्रह करू नका असे सांगायला आलेल्या जिल्हाधिकाऱ्याला त्याच परिषदेत बोलू दिले गेले. लोकांनी त्याचे ऐकून घेतले. 27 तारखेला बाबासाहेबांनी न्यायालयाच्या निकालापर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव कारणांसह मांडला आणि परिषदेने तो स्वीकारला. लोक शिस्तीने मिरवणूक काढून परतले. दहा वर्षांनी, मार्च 1937 मध्ये, उच्च न्यायालयात आपला विजय झाला.

अध्यक्षाला मत होते. ते त्यांनी लपवले नाही. पण विरुद्ध बाजू ऐकल्याशिवाय मंडपाला निर्णय करायला लावले नाही.

कुणाची खुर्ची?

1936 च्या मे महिन्याच्या शेवटी मुंबई इलाखा महार परिषद झाली. धर्मांतरावरचे बाबासाहेबांचे ऐतिहासिक भाषण तिथलेच. पण अध्यक्षपद बाबासाहेबांकडे नव्हते, ते हैदराबाद संस्थानातून आलेल्या नेत्याकडे होते. आपला जालनाही तेव्हा निजामाच्या याच संस्थानात होता. मुख्य वक्ता एक, सभा चालवणारा दुसरा, ही वाटणी विचारपूर्वकच असते. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. 1942 साली स्त्रिया परिषद चालवत होत्या आणि आज आपण त्यांना स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन देतो. हे मागे जाणे नाही तर काय?

आणि त्याच 25 नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. जो सूत्रसंचालक प्रत्येक वक्त्याला "बुलंद तोफ" म्हणतो, तो भक्तीच पेरतो. तोफेला कुणी प्रश्न विचारत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो

येत्या जयंतीपासून मंडळांनी एवढे करून पाहावे. सत्कार दहा मिनिटांत संपवा किंवा वेगळ्या दिवशी घ्या. विषय प्रश्नाच्या रूपात ठेवा. "आंबेडकरी चळवळ: दशा आणि दिशा" हा प्रश्न नाही, "शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून आपण काय करायचे?" हा प्रश्न आहे. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना व्यासपीठावर बसवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर चर्चा असेल तर त्यांच्या वस्तीवर जा, वैशालीला गेले तसे. सूत्रसंचालकाने वक्त्यांशी आधी बोलावे, घड्याळ सर्वांना सारखे लावावे, आमदारालाही. मतभेद असणाऱ्या दोघांना एकाच मुद्द्यावर समोरासमोर आणावे. एकूण वेळेचा तिसरा हिस्सा श्रोत्यांसाठी राखावा आणि पहिला प्रश्न बाईचा घ्यावा. शेवटी काय ठरले ते मोठ्याने वाचून दाखवावे.

मित्रांनो, आपल्या पूर्वजांना पाण्याच्या तळ्यापाशी जाऊ दिले नाही, तसेच सभेतही बोलू दिले नाही. माईक आपल्या हातात आला तो मोठ्या लढ्याने आला. तो आपल्याच वस्तीतल्या गप्प बसलेल्या माणसापर्यंत पोचवायचा, की चार माणसांतच फिरवायचा, हे आता आपल्यालाच ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!